इग्वाना खात नाही? आधी तो पुरेसा गरम आहे का ते बघा

तुम्ही लिहिलेलं आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. मित्राची बंगळूरला बदली झाली आणि त्याचा तीनेक वर्षांचा हिरवा इग्वाना तुमच्या डिचोलीच्या घरी आला. राहायला माशांची जुनी काचेची टाकी, वर साधा बल्ब. खायला काकडी, कोबी आणि अधूनमधून उकडलेलं अंडं. आता दहा दिवस त्याने तोंडाला काही लावलेलं नाही. पुढच्या पायांची बोटं थरथरतात, मागच्या मांड्या फुगल्यात, शिंकताना नाकातून पांढरं उडतं, वजन ७०० ग्रॅम. आई सिरिंजने तांबड्या भाजीचा, म्हणजे लाल माठाचा, रस भरवताहेत, तुम्ही लहान मुलांचं कॅल्शियमचं सिरप देताय. शेजारचे म्हणतात कुळागरात, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागेत, सोडून द्या. आणि तुमचा प्रश्न: वजन वाढायला काय खायला घालू?

मी गोव्यातच पशुवैद्य आहे. कुत्री-मांजरं रोजची, पण टाकून दिलेले इग्वाना, गेको, कासवंही टेबलावर येत राहतात. त्या अनुभवावरून सांगतो, आई नाराज झाल्या तरी चालेल: पहिले दोन-तीन दिवस त्याला काहीही भरवू नका.

आपल्याकडे आजारी माणसाला पहिली पेज पाजतात, आणि ती पचते, कारण माणूस कितीही अशक्त असला तरी त्याचं अंग आतून ३७ अंशांवर असतं. इग्वानाचं तसं नाही. तो बसलाय ती जागा जितकी गरम, जवळपास तितकंच त्याचं पोट गरम. त्यातून हा पक्का पानं खाणारा प्राणी. पानांचा चोथा त्याच्या मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात, तेव्हा त्यातून त्याला ताकद मिळते, आणि या सगळ्याला तिशीच्या वरची ऊब लागते. अंग पंचवीस-सव्वीस अंशांवर असताना भरवलेला रस पोटात नुसता पडून राहतो आणि नासतो. पोट फुगतं, तो आणखी खायचं टाळतो, घरचे आणखी भरवतात. दुसरा धोका याहून वाईट. बरेच दिवस उपाशी असलेल्या शरीरात एकदम भरपूर अन्न गेलं की पेशी रक्तातला फॉस्फरस आणि पोटॅशियम भराभर ओढून घेतात आणि जनावर दोन-तीन दिवसांत दगावतं. "परवा तर छान खाल्लं होतं हो" हे वाक्य मी दवाखान्यात फार वेळा ऐकलंय. सरडा उपास काढू शकतो. थंडी आणि कोरड मात्र त्याला झेपत नाही. म्हणून क्रम असा: आधी ऊब, मग पाणी, त्याच्याबरोबर उजेड, आणि सगळ्यात शेवटी खाणं.

ऊब म्हणजे नेमकी किती, यात बहुतेकांचा घोटाळा होतो. जुलैत आपण घामाघूम होतो, म्हणून त्यालाही उकडतच असेल असं वाटतं. प्रत्यक्षात पावसाळ्यात खोलीचं तापमान सव्वीस-सत्तावीसच्या आसपास असतं आणि खालची लादी त्याहून गार. इग्वानाला पडून राहायच्या जागी ३५ ते ३७ अंश हवेत, दुसऱ्या टोकाला २७ ते २९, आणि रात्री २४ च्या खाली नको. दोन टोकं वेगळी ठेवण्याचं कारण, गरम झालं की त्याला स्वतःहून सरकता आलं पाहिजे. माशांच्या टाकीत हे जमत नाही. एक तर सगळी टाकी तापते, नाही तर सगळी गार राहते. सध्यापुरतं जुनं लाकडी कपाट आडवं टाका किंवा मोठा क्रेट घ्या. खाली वर्तमानपत्र किंवा जुना टॉवेल. वाळू, नारळाचा भुसा काही नको.

उबेसाठी सिरॅमिक हीटर किंवा हॅलोजन दिवा वरून लावा आणि त्याभोवती जाळी बसवा, नाही तर तो त्याला चिकटून भाजून घेईल. बाजारात मिळणारे गरम होणारे दगड अजिबात नकोत. पोट भाजेपर्यंत सरडा त्यावरून उठत नाही, आणि त्या जखमा महिनोन्‌महिने भरत नाहीत. बल्ब किती वॅटचा हे मला विचारू नका. तुमचं कपाट, तुमची खोली आणि दिव्याची उंची यांवर ते ठरतं. वायरच्या टोकाला प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं टोक, असलेला डिजिटल थर्मामीटर आणा, त्याची पाठ येते त्या उंचीला प्रोब ठेवा आणि आकडा बघून दिवा वर-खाली करा. जमलं की नाही ते त्याच्या अंगावरही दिसतं. गारठलेला इग्वाना काळपट, मळकट दिसतो, कारण गडद रंगात ऊन जास्त शोषलं जातं. जागा नीट तापली की थोड्या वेळात मान आणि कुशी उजळायला लागतात. बोटं ताठ पसरून, पोट टेकून, डोळे अर्धे मिटून पडला तर समजा जागा त्याला मानवली.

पावसात तुमच्याकडे वीज गेली की कधी येईल याचा भरवसा नसतो, तेव्हा आधीच तयारी ठेवा. थर्माकोलचा खोका, टॉवेलात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या दोन बाटल्या, आणि बाटल्यांपासून लांब सरकायला त्याला जागा. एवढ्यावर रात्र निघते.

आता पाणी. डोळे आत गेलेत का बघा. कुशीची कातडी हलकेच चिमटीत धरून सोडा. घडी तशीच राहिली तर तो कोरडा पडलाय. त्याच्या विष्ठेबरोबर एक पांढरा भाग येतो, ते युरेट. ते मऊ आणि पांढरं असेल तर ठीक. पिवळं, खडूसारखं घट्ट आलं तर पाणी फार कमी आहे, किंवा मूत्रपिंडं थकलीत. अंग गरम झाल्यावरच, दिवसातून एकदा, खांद्यापर्यंत येईल इतक्या कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बसवा. पाणी मनगटाला जेमतेम कोमट लागावं. अशक्त सरड्याची मान पाण्यात पडते आणि तो बुडतो, तेव्हा हनुवटीखाली हात ठेवा आणि फोन घ्यायलाही उठू नका. बहुतेक वेळा तो त्यात पाणी पितो आणि शी-शूही तिथेच करतो. टब त्याचा वेगळा ठेवा. स्वयंपाकघरातलं सिंक वापरू नका, कारण सरड्यांच्या आतड्यात साल्मोनेला हा माणसाला जुलाब आणि ताप आणणारा जिवाणू असतो आणि तो दिसायला धडधाकट प्राण्यातही असतो. हात साबणाने धुवा. घरात पाच वर्षांखालचं मूल किंवा गरोदर बाई असेल तर त्यांनी त्याला हात न लावलेला बरा.

फार कोरडा असेल तर नुसती अंघोळ पुरत नाही, सलाइन कातडीखाली द्यावं लागतं. त्याचं माप साधारण किलोमागे दिवसाला १५ ते २५ मिली, म्हणजे तुमच्या ७०० ग्रॅमच्या इग्वानाला दहा ते सतरा मिली. पण ते डॉक्टरांनी द्यायचं, युट्यूब बघून नव्हे.

शिंकेतल्या पांढऱ्याची तुम्ही सर्दी समजून काळजी केलीत. ती सोडून द्या. इग्वानाच्या नाकात मीठ बाहेर टाकणारी ग्रंथी असते. शिंकेबरोबर खारट पाणी उडतं आणि वाळून काचेवर पांढरे ठिपके राहतात. त्यासाठी अँटिबायोटिक देऊ नका. तोंड उघडं टाकून श्वास घेत असेल किंवा नाकाशी बुडबुडे येत असतील तर मात्र गोष्ट वेगळी, मग लगेच दाखवा.

मला खरी चिंता मांड्यांची आहे. मांडी गोल आणि भरलेली दिसते, म्हणून तो अंग धरतोय असं मित्राला वाटलं असणार. पाठीचा कणा आणि शेपटीचं मूळ बघा. तिथे हाडं वर आली असतील आणि मांडी मात्र टणक फुगलेली असेल, तर ते मांस नाही. रक्तातलं कॅल्शियम कमी पडलं की शरीर हाडांतून काढून घेतं, कारण हृदय आणि स्नायू त्याशिवाय चालत नाहीत. पोकळ होत चाललेल्या हाडाला सावरायला शरीर भोवती तंतूंचा जाड थर घालतं, तोच तुम्हाला फुगलेला दिसतो. जबडा रबरासारखा मऊ होतो, तोही याच कारणाने. आणि हाडांतलंही पुरेनासं झालं की बोटं थरथरायला लागतात. तुमचा इग्वाना त्या टप्प्यावर आहे. त्याला पायाला किंवा शेपटीला धरून उचलू नका. एक हात छातीखाली, दुसरा कमरेखाली. उंच फांद्या काढून टाका, फार तर वीतभर उंचीचं लाकूड ठेवा. अशी हाडं कपाटातून खाली पडण्यानेही मोडतात, आणि कणा मोडला तर मागचं अंग गेलं.

हे झालं कशामुळे? अर्धा दोष खाण्याचा आणि अर्धा उजेडाचा. सूर्यप्रकाशातले यूव्हीबी किरण त्याच्या कातडीत डी३ जीवनसत्त्वाची सुरुवात करतात, आणि पुढचं काम कातडीच्या उबेने पुरं होतं. म्हणजे थंड सरड्यावर चांगला दिवा लावूनही पुरता उपयोग नाही. डी३ नसेल तर पोटात गेलेलं कॅल्शियम रक्तात शिरत नाही. साध्या बल्बमधून यूव्हीबी येत नाही, आणि काचेतून ते पार होत नाही. खिडकीच्या काचेआडचं ऊन उबेपुरतं. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीची यूव्हीबी ट्यूब घ्या, लांब नळीची, त्याच्या पाठीपासून साधारण वीत ते दीड वीत अंतरावर, मध्ये काच किंवा प्लॅस्टिक न ठेवता. दिवसाला दहा-बारा तास लावा आणि वर्षाने बदला. ट्यूब पेटत राहते, पण यूव्हीबी उतरत जातं आणि ते डोळ्यांना कळत नाही. एक सावधगिरी. कोविडनंतर जंतू मारणारे 'यूव्ही' दिवे स्वस्तात मिळतात. ते यूव्हीसी. चुकून तो लावलात तर त्याचे डोळे जातील, आणि तुमचेही सुटणार नाहीत.

पावसाने उघडीप दिली की सकाळी आठ-नऊच्या कोवळ्या उन्हात वीस मिनिटं बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या पडवीत, ठेवा. जाळीच्या पिंजऱ्यात ठेवा, अर्धा भाग सावलीत. काचेची टाकी उन्हात ठेवलीत तर तो शिजेल. आणि जवळ बसून राहा. कावळे आणि मांजरं टपलेली असतातच.

सिरपचं काय? ते आज थांबवा. माझा कॅल्शियमला विरोध नाही, ते त्याला लागणारच आहे. पण मुलांच्या सिरपमध्ये बहुधा डी३ सुद्धा घातलेलं असतं, आणि तोंडावाटे ते जास्त झालं तर कॅल्शियम हाडांऐवजी रक्तवाहिन्यांच्या आणि मूत्रपिंडाच्या भिंतींत बसतं. ते पुन्हा निघत नाही. शिवाय मूत्रपिंडं बिघडलेली असतील तर रक्तात फॉस्फरस वाढलेला असतो, आणि त्यावर कॅल्शियम ओतलं की हेच होतं. म्हणून रक्त तपासल्याशिवाय मात्रा सांगत नाही. थरथर वाढून झटके येऊ लागले तर मात्र थांबू नका. तशा वेळी इंजेक्शन द्यावं लागतं, तेही दवाखान्यात.

तेव्हा या दोन-तीन दिवसांत ऊब जमवता जमवताच एक फेरी डॉक्टरांकडे मारा. गोव्यात सरडे बघणारे डॉक्टर फार नाहीत हे खरं, पण एक्स-रे आणि रक्ताची सोय असलेला कुत्र्या-मांजरांचा चांगला डॉक्टरही चालेल. त्यांची तयारी असेल तर जाणकाराशी फोनवर बोलून ते उपचार करू शकतात. एक्स-रेत हाडं किती पातळ झालीत आणि कुठे मोडलंय ते दिसेल. रक्तात कॅल्शियम, फॉस्फरस आणि युरिक आम्ल तरी बघायला सांगा. फॉस्फरस कॅल्शियमच्या वर गेला असेल तर आशा कमी, हे आधीच सांगून ठेवतो. आणि तो 'तो' आहे की 'ती', हेही बघून घ्या. मांडीच्या आतल्या बाजूला टिपक्यांची ओळ असते. मोठ्या नरात ती ठळक, मेणचट असते, मादीत बारीक. नर आसपास नसतानाही मादी अंडी धरते, आणि कॅल्शियम नसेल तर ती तिला टाकता येत नाहीत. तसं असेल तर न खाण्याचं कारणच बदलतं आणि माझं निम्मं उत्तर बाजूला ठेवावं लागेल.

आता खाणं. अंग गरम राहू लागलं, पाणी प्यायला, युरेट पांढरं आलं की सुरुवात करायची. लाल भोपळा उकडून, त्यात शेवग्याचा कोवळा पाला वाटून, गाळून पातळ करा. पहिल्या दिवशी सहा-सात मिली पुरे, वजनाच्या साधारण एक टक्का. पचलं आणि शी झाली की दोन-तीन दिवसांनी थोडं वाढवा. तुमच्या इग्वानाच्या बाबतीत एका वेळी पंधरा-वीस मिलीच्या वर जाऊ नका. जबडा मऊ असताना तोंड उघडायला चमचा, चिमटा काही घालायचं नाही. ओठाच्या कडेला थेंब सोडा आणि थांबा. चाटला तर पुढचा थेंब. अजिबात चाटत नसेल तर डॉक्टर नळी घालून देतील, त्यात जबड्याला कमी त्रास होतो.

आईंना सांगा, तांबडी भाजी माणसांना उत्तम, पण याला नको. त्यात ऑक्झलेट भरपूर असतं, ते कॅल्शियमला धरून बसतं आणि तसंच बाहेर नेतं. पालकाचंही तेच. अळू तर चुकूनही नाही. काकडी म्हणजे नुसतं पाणी. अंडं कायमचं बंद. इग्वानाच्या मूत्रपिंडाला प्राण्यांची प्रथिनं झेपत नाहीत, सांध्यांत युरिक आम्ल साठतं. त्याला हवी अशी पानं ज्यांत फॉस्फरसच्या निदान दुप्पट कॅल्शियम आहे. आपल्याकडे ती शोधायला लांब जावं लागत नाही. गोकुळाष्टमीला ज्या पाल्याची भाजी करतात तो शेवगा पहिला. परसातल्या जास्वंदीची पानं आणि फुलं. फुलं तर बहुतेक इग्वाना आजारातून उठताना सगळ्यात आधी खातात, तांबडा रंग त्यांना ओढतो. मग तुतीची पानं. कॅल्शियम तेवढं नसलं तरी जोडीला थोडे चालतील असे रताळ्याच्या वेलाचे शेंडे, भोपळ्याची फुलं, आणि लाल भोपळा किसून. पिकलेली पपई चवीपुरती. नर्सरीतून आणलेल्या कुंडीतली पानं देऊ नका, त्यांवर काय फवारलंय कोण जाणे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गावठी पाला घेऊन बसणाऱ्या बायांकडून घेतलेला बरा, तोही धुऊन.

किती दिवस लागतील याचं उत्तर रक्त आणि एक्स-रे बघितल्यावरच मिळेल. साधारणपणे थरथर आधी थांबते, उपचार लागू पडले तर आठवड्याभरात फरक दिसतो. जबडा घट्ट व्हायला दोन-तीन महिने, मांड्यांची सूज उतरायला त्याहून जास्त. वाकडं झालेलं हाड सरळ होत नाही, पण वाकड्या पायाचे इग्वाना वर्षानुवर्षे आनंदात जगतात. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर टोपलीत बसवून वजन लिहून ठेवा. तीन वर्षांच्या इग्वानाचं वजन दीड-दोन किलो तरी असायला हवं होतं, पण तिथे पोहोचायची घाई नको. उलट, कणा मोडून मागचं अंग लुळं पडलं असेल, लघवी-शी स्वतः होत नसेल, किंवा मूत्रपिंडं गेली असतील, तर डॉक्टरांशी त्याला शांतपणे झोपवण्याबद्दलही बोला. महिनाभर सिरिंजवर तगवून ठेवणं म्हणजे त्याची सेवा, असं मला वाटत नाही.

कुळागराचा सल्ला ऐकू नका. आजच्या हाडांनिशी तो तिथे एक दिवस टिकणार नाही. आणि बरा करून सोडलात तर उलटी भीती: दमट हवा, झाडं, बारमाही पाणी, त्याच्या मूळच्या मध्य आणि दक्षिण अमेरिकेसारखंच सगळं. फ्लोरिडा, प्वेर्तो रिको, तैवान इथे पाळीव इग्वाना सुटून इतके पसरले की आता त्यांना हटवायला सरकारला पैसा ओतावा लागतो.

कागदांचंही बघा. इग्वाना साइट्सच्या, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे, त्यामुळे वन्यजीव संरक्षण कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती त्याला लागू होते, आणि २०२४ च्या नियमांनुसार असा प्राणी ताब्यात आला की केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवरून तीस दिवसांत नोंदणीचा अर्ज करावा लागतो. मित्राने नोंदणी केली होती का ते आजच विचारा. केली असेल तर प्राणी तुमच्याकडे आल्याचंही कळवावं लागतं. केली नसेल तर गप्प बसून राहण्यापेक्षा वन खात्याच्या कार्यालयात जाऊन खरं ते सांगा.

दवाखान्यात नेताना खोक्यात टॉवेल आणि कोमट बाटली ठेवा आणि गाडीतला एसी बंद ठेवा. एक्स-रेचा फोटो, रक्ताचे आकडे आणि ताज्या शीचा एक फोटो इथे टाका, मग कॅल्शियम किती आणि कसं द्यायचं ते तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याशी जुळवून सांगतो.